काळ्या चेहऱ्याला उजेड, झाडीतल्या माणसाला निर्णय

वाचकांचे प्रश्न : अद्भुत कादंबऱ्या आणि मारधाडीचे सिनेमे यांत आपल्या भागातली माणसं कशी येतात, कशी यावीत, यावर विदर्भातल्या गावांतून आलेल्या पत्रांना उत्तरं.

प्रश्न : मी कुरखेडा तालुक्यातला. अद्भुतरम्य कादंबरी लिहितो आहे. नायक पुण्याचा संशोधक. भामरागडच्या जंगलात त्याला एक माडिया मुलगी भेटते आणि जादूच्या दरवाज्यापर्यंत पोचवते. मित्र म्हणतात, आदिवासी पात्र घेतलंस, छान केलंस. पण मलाच काहीतरी खुपतंय.

उत्तर : खुपतंय ते योग्य जागी खुपतंय. तुमच्या आराखड्यात ती मुलगी म्हणजे चालताबोलता नकाशा आहे. वाट दाखवून झाली की तिचं काम संपतं. अशा बऱ्याच कथांत पुढे दोन-तीन प्रकरणांत ती मरतेही, कारण नायकाला पेटून उठायला निमित्त हवं असतं. परदेशी अद्भुत कथांत हे मरण काळ्या सोबत्याच्या वाट्याला येतं, हिंदी मारधाडपटात नायकाच्या गरीब मित्राच्या नाहीतर बहिणीच्या.

वहीत तीन रकाने पाडा : ठरवलं कोणी, माहीत कोणाला होतं, भोगलं कोणी. प्रत्येक प्रकरण वाचून तिन्ही रकान्यांत नावं लिहा. मुलीचं नाव ‘माहीत’ आणि ‘भोगलं’ या रकान्यांत दहादा आलं आणि ‘ठरवलं’मध्ये एकदाही नाही, तर दोष नेमका कुठे आहे ते तुमच्या डोळ्यांसमोर राहील. मग तिला कथेतून काढून बघा. तिच्या जागी एखादा जुना नकाशा ठेवला तरी कथा तशीच चालत असेल, तर ती अजून माणूस झालेली नाही.

अॅलिसन बेकडेल या अमेरिकी चित्रकर्तीच्या चित्रपट्टीत १९८५ मध्ये एक साधी कसोटी आली. कथेत दोन बाया असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात आणि ते बोलणं पुरुषाखेरीज कशाबद्दल तरी असावं. तिचाच साचा इथे लावा : दोन माडिया माणसं एकमेकांशी बोलतात का, आणि आलेल्या पाहुण्याखेरीज कशाबद्दल बोलतात? ही कसोटी उतरली म्हणजे कादंबरी चांगली झाली असं नव्हे. ती अगदी खालची पायरी आहे. पण तुमचा आराखडा त्याच पायरीवर अडतो.

आता एक प्रसंग जवळून पाहू. श्रावण आहे, पर्लकोटा फुगली आहे, नायकाला पलीकडे जायचं आहे. सध्या तुमच्याकडे ‘चला साहेब’ म्हणत मुलगी डोंगा लोटते आणि दोघं पार होतात. त्याऐवजी ती काठावर थांबू द्या. मुळासकट उपटलेलं एक झाड वाहत येतंय, त्याची पानं अजून हिरवी आहेत. म्हणजे वरच्या अंगाला नुकताच मोठा पाऊस झालाय, पाणी अजून चढणार. ती डोंगा अर्जुनाच्या बुंध्याला बांधते आणि आज जायचं नाही म्हणते. नायक हट्ट करतो, पैसे काढतो. ती रोवणीला निघून जाते, कारण शेतात भाताचे पऱ्हे उपटून ठेवलेत आणि ते वाळले तर वर्ष गेलं. नायकाला दोन दिवस गावात थांबावं लागतं आणि त्या दोन दिवसांत कथेला वळण मिळतं. जादूचा दरवाजा तोच, पण आता कथानक तिच्या ‘नाही’वर फिरलं.

नावांकडेही बघा. तिला पूर्ण नाव द्या, आडनावासकट. गोंड-माडिया समाजात आडनावावरून देव कळतात : चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. एकाच देव्यातली दोघं आपसात लग्न करत नाहीत. कोणतं आडनाव किती देव्यांचं, हे भागाभागात बदलतं. त्यामुळे ज्या गावात कथा घडते तिथल्या गायत्याला, म्हणजे गावच्या पुजाऱ्याला, विचारूनच प्रेमकथा जुळवा. सख्ख्या भावकीतलं लग्न लावून ठेवलं तर तिकडचा वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

प्रश्न : माह्या कादंबरीतले सारे लोकं वऱ्हाडीत बोलतात. राजा बी, जादूगार बी. एका प्रकाशकानं सांगतलं का, राजाची भाषा प्रमाण करा अन् नोकराची वऱ्हाडी राहू द्या, लोकाइले हासू येते. काय करू? (दर्यापूरकडचा वाचक)

उत्तर : राजाला वऱ्हाडीच बोलू द्या. सगळे प्रमाण मराठी बोलतात आणि एकटा नोकर वऱ्हाडी, असं झालं की बोली म्हणजे विनोद हा हिशेब वाचकाच्या डोक्यात पक्का बसतो. ज्या मातीत, रिद्धपुरात, तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं, तिथली बोली राजाच्या तोंडी शोभत नाही असं म्हणायला काही आधार नाही.

अडचण वेगळी आहे. सगळेच वऱ्हाडी बोलणार असतील तर राजा आणि गुराखी यांच्या बोलण्यातला फरक वऱ्हाडीच्या आतच काढावा लागतो. तो उच्चारात शोधू नका, शब्दांत आणि वाक्याच्या लांबीत शोधा. राजा थोडं बोलेल, सावकाश बोलेल, त्याच्या तोंडी जमिनीचे, नात्याचे, वचनाचे शब्द येतील. गुराख्याकडे आखर, पांदण, धुरा, बंडी, दावं. जादूगाराला मंत्रासाठी संस्कृत देण्याची गरज नाही. डवरा, वखर, तिफन, सरता ही शेतीच्या अवजारांची नावं ज्याला ठाऊक नाहीत त्याच्या कानाला तीच मंत्रासारखी लागतात, आणि ज्याला ठाऊक आहेत त्याच्या अंगावर शहारा येतो.

बोली लिहिताना प्रत्येक अक्षर कानाला लागेल तसं लिहीत सुटलं की तिसऱ्या पानावर वाचक थकतो. आठ-दहा खुणा ठरवा आणि शेवटपर्यंत त्याच पाळा : मले-तुले, करून राह्यलो, काहून, ‘ळ’च्या जागी ‘य’, ‘ण’च्या जागी ‘न’. एका पानावर डोळा आणि दुसऱ्यावर डोया, असं होऊ देऊ नका. कठीण शब्दाचा अर्थ कंसात देऊ नका. पुढच्या वाक्यात ती वस्तू वापरून दाखवा, अर्थ आपोआप लागतो. लिहून झालं की गावातल्या साठीपुढच्या कोणालातरी दहा पानं मोठ्यानं वाचायला द्या. जिथे ते अडखळतील तिथे पेन्सिलीची खूण करा. तेवढ्याच जागा दुरुस्त करायच्या.

आणि एक. तुमचं एखादं पात्र वैनगंगेपलीकडून, झाडीपट्टीतून येत असेल तर त्याला वऱ्हाडी देऊ नका. वऱ्हाडातला डोया झाडीबोलीत डोरा होतो. गोंडी आणि कोलामी या तर तेलुगूच्या कुळातल्या, द्राविडी भाषा. मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली. म्हणजे या भाषा मराठीच्या बोली नव्हेत, आणि कोरकूचं गोंडीशीसुद्धा नातं नाही. सिनेमात जंगलातल्या माणसाच्या तोंडी जी हूहा-झिंगालाला घालतात, ती यातली कोणतीच भाषा नाही. गोंडीत नार म्हणजे गाव आणि येर म्हणजे पाणी. असे दोनच खरे शब्द नीट जागेवर आले तरी त्या बनावट बडबडीपेक्षा जास्त काम करतात.

प्रश्न : आम्ही ब्रह्मपुरीजवळच्या गावातली पाच मुलं मोबाइलवर ॲक्शन शॉर्टफिल्म करतोय. आमचे चेहरे पडद्यावर नुसता काळा डाग दिसतात. एकानं सल्ला दिला की नायकाला गोरा मेकअप करा. तोही करून पाहिला, तर चेहरा राखेसारखा दिसतो.

उत्तर : मेकअप धुऊन टाका. चेहऱ्यात दोष नाही, मोजमापात आहे. फोनचा कॅमेरा सगळ्या चौकटीतला उजेड मोजतो आणि त्याची सरासरी मध्यम करड्या रंगावर आणतो. मागे चुन्याची भिंत किंवा उघडं आभाळ असलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो सगळंच चित्र गडद करतो. सावळा चेहरा त्यात बुडतो. रंगीत फिल्मच्या काळातही असंच होतं. कोडॅकच्या फिल्मचे रंग जुळवायला गोऱ्या बाईचा फोटो असलेलं कार्ड वापरत, त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. गडद तपकिरी छटा नीट उमटाव्यात म्हणून त्या कंपनीनं पुढे हात-पाय हलवले, त्यात लाकडी फर्निचर आणि चॉकलेटच्या जाहिराती करणाऱ्यांच्या तक्रारींचा वाटा मोठा होता. काळ्या माणसांचे फोटो त्याआधी कित्येक वर्षं बिघडतच होते.

आता कामाचं. सगळ्यात आधी फोनमधला ब्युटी मोड बंद करा. बऱ्याच फोनमध्ये तो आपोआप चालू असतो, त्वचा गुळगुळीत आणि फिकी करतो, आणि राखाडी छटेचं अर्धं कारण तोच असतो. दुसरं अर्धं कारण टाल्कम पावडर. तीही नको. चेहरा धुवा, खोबरेल तेलाचे दोन-तीन थेंब तळव्यावर चोळून गालावर, कपाळावर, नाकाच्या दांड्यावर फिरवा आणि सुती फडक्यानं टिपून घ्या. सावळ्या त्वचेची ठेवण तिच्यावर पडलेल्या चकाकीतून दिसते. पावडर ती चकाकीच मारते. तेल जास्त झालं तर कपाळावर पांढरा ठिपका उठेल, तेव्हा पुन्हा टिपा.

मागची भिंत बदला. मातीची भिंत, कुडाचं कुंपण, झाडांची गर्दी, गडद निळी चादर, काहीही चालेल, फक्त चुना नको. चेहऱ्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतील, मग सरकपट्टीनं उजेड वरखाली करा. गालाचा उंचवटा आणि डोळ्याखालची सावली वेगवेगळी दिसू लागली की थांबा. फोनची ब्राइटनेस निम्म्यावर ठेवून आणि डोक्यावर दुपट्टा घेऊन बघा, नाहीतर उन्हात पडदा फसवतो. झेब्राची (कुठे किती उजेड आहे ते चित्रावर पट्ट्यांनी दाखवण्याची) सोय असलेलं ॲप असेल तर सावळ्या चेहऱ्याचा उजळ भाग साधारण ४० ते ५५ टक्क्यांच्या मधे ठेवा. गोऱ्या चेहऱ्याचा ७० टक्क्यांचा नियम इथे लावलात तर सगळं चित्र धुतलेलं दिसेल.

उजेडासाठी छोट्या टॉर्चपेक्षा मोठा पांढरा पृष्ठभाग चांगला. पांढरी चादर चार फूट बाय सहा फुटांच्या बांबूच्या चौकटीवर ताणा, चेहऱ्यापासून तीन-चार फुटांवर, थोडी बाजूला आणि छातीच्या उंचीपासून वर तिरपी धरा. चांदीच्या कागदानं डोळे दिपतात आणि नट डोळे मिचकावतो. हिवाळ्यात सकाळी सात ते नऊ आणि दुपारी चार ते साडेपाच ही वेळ घ्या. मे महिन्यात भर दुपारी शूट करावंच लागलं तर नटाला मोहाच्या सावलीच्या कडेला उभा करा, तोंड उघड्या आभाळाकडे. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, उन्हात ५००० ते ५५०० केल्विनला बांधून टाका. ऑटो निळ्याकडे झुकला की चेहरा पुन्हा राखाडी.

एक गोरा आणि एक सावळा नट एका चौकटीत असतील तर सावळ्याला उजेडाजवळ उभं करा. छोट्या दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, म्हणून तीन फूट आणि सहा फूट यांत मोठा फरक पडतो. सगळंच चित्र उजळवलं तर गोऱ्याच्या तोंडाला चुना फासल्यासारखा दिसेल.

रात्रीच्या मारामारीला शटर १/५० आणि २५ फ्रेम ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, न जुळणारा वेग घेतला तर बल्ब लुकलुकू शकतो. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची तीव्रता) ८०० च्या वर नेऊ नका, कारण दाणे सगळ्यात आधी गडद रंग खातात. नटाच्या मागे, डोक्याच्या जरा वर, नऊ वॅटचा एलईडी बटर पेपरमधून टाका, म्हणजे केस आणि खांदे अंधारापासून सुटे होतील. हे सगळं बिनखर्चाचं किंवा शंभर-दोनशे रुपयांत बसणारं आहे. पण प्रत्येक शॉटला पाच मिनिटं जास्त लागतात, तो वेळ आधीच धरून ठेवा.

प्रश्न : कोमराम भीमवरचा सिनेमा खरा का? जिवतीला आम्ही त्यावर नाटक बसवतोय.

उत्तर : २०२२ चा ‘आरआरआर’ स्वतःच काल्पनिक कथा म्हणून आला. त्यात भीम दिल्लीत इंग्रजांशी लढतो आणि आंध्रातले क्रांतिकारक अल्लुरी सीताराम राजू यांचा मित्र होतो. इतिहासातला भीम (जन्म १९०१) तुमच्या सीमेपलीकडच्याच आसिफाबाद भागातला. त्याची लढाई निझामाच्या राजवटीशी होती, जंगल, चराई आणि कसलेल्या जमिनीच्या हक्कासाठी. १९४० मध्ये जोडेघाटला तो मारला गेला. ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा त्याच्याशी जोडली जाते. सिनेमात पळवून नेलेली गोंड मुलगी कथेला धक्का देते आणि पुढे बहुतेक वेळ सुटकेची वाट पाहत राहते. नाटक सिनेमावरून उचलू नका. चराईच्या वसुलीला शिपाई येतो, तिथून सुरुवात करा. तो प्रसंग जिवतीच्या प्रेक्षकाला समजावून सांगावा लागणार नाही. आपल्या जिल्ह्याचा धागा हवा असेल तर इंग्रजांविरुद्ध उठाव केलेले गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके आहेतच. त्यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला सिकलसेल आहे. त्याच्यासाठी साहसकथा लिहायची आहे, ज्यात नायकाला सिकलसेल असेल आणि शेवटी जादूनं तो बरा होईल. चालेल का? (आरमोरीची वाचक)

उत्तर : कथा जरूर लिहा, शेवट बदला. जादूनं बरा झालेला नायक तुमच्या भावाला सांगतो की तो जसा आहे तसा नायक होऊ शकत नाही. खलनायक लंगडा, एकाक्ष किंवा चेहऱ्यावर व्रण असलेला आणि नायक निरोगी, ही मारधाडपटांची जुनी सवय आहे. शेवटी बरा होणारा नायक त्याच सवयीचा गोड भाऊ.

आजार कसा चालतो ते नीट वापरलं तर कथानक आपोआप उभं राहतं. एसएस (आई-बाबा दोघांकडूनही सिकलसेलचा जनुक आलेला) असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. म्हणून हाडं, छाती, पोट यांत कळा येतात, आणि त्या काही दिवस टिकतात. पाणी कमी पिणं, थंडी, ताप आणि अतिश्रम ही त्यामागची नेहमीची कारणं. एएस म्हणजे वाहक, त्याला सहसा त्रास नसतो. आई-बाबा दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात एसएस मूल होण्याची शक्यता २५ टक्के. कथेत नायकाची बहीण एएस असू शकते, आणि तिला ते ठाऊक असणं हाही चांगला धागा आहे.

आता साहस रचा. पौषातल्या पहाटे वैनगंगेत उडी मारून शत्रूचा पाठलाग करणं हे साधा नायक करील. तुमचा नायक करणार नाही, कारण गार पाण्यानं दुपारपर्यंत तो कळांनी आडवा पडू शकतो. तो काठाकाठानं जाईल, शत्रू कोणत्या उतारावर बाहेर निघेल ते आधी हेरील आणि तिथे उबदार घोंगडी पांघरून थांबेल. दर तासाला पाणी, रोजची हायड्रॉक्सीयुरियाची गोळी, सोबत्याला आधीच दिलेली सूचना, ही त्याची लढाईची तयारी. एखाद्या प्रकरणात कळा येऊ द्या आणि लढाई त्याच्याविना थांबलेली दाखवा. ‘सहन करून उठला आणि दहा जणांना लोळवलं’ असं मात्र लिहू नका. ते वाचून एखादं पोरगं दुखणं लपवायला शिकेल.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे. सर्वोच्च न्यायालयानं ८ जुलै २०२४ च्या निकालात दृश्य माध्यमांत दिव्यांग व्यक्ती कशा दाखवाव्यात यासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली : हिणवणारे शब्द टाळा, दयेचा विषय करू नका, अद्भुत शक्तीचा पुतळाही करू नका, आणि त्या व्यक्तींना निर्मितीत सामील करून घ्या. तुमच्या घरातच सल्लागार आहे. पहिला मसुदा त्यालाच वाचून दाखवा आणि ‘हे असं होत नाही’ असं तो म्हणेल तिथे त्याचं ऐका.

प्रश्न : केळापूर तालुक्यातल्या गावाचं ‘ड’ वर्ग वाचनालय सांभाळते. जादूच्या गोष्टी मुलगेच नेतात, कोलाम पोडावरची (वस्तीवरची) मुलं तर कपाटाकडे फिरकत नाहीत. थोड्या पैशांत काय घ्यावं?

उत्तर : घेण्याआधी मोजा. कपाटातली वीस पुस्तकं काढा आणि प्रत्येकातली तीन पानं वाचा : सुरुवातीचं, मधलं, शेवटाआधीचं. वहीत लिहा : बोलतंय कोण, नाव कोणाला आहे, अर्ध्या पुस्तकाआधी कोण मेलं, आणि त्वचेचा रंग कोणाचा सांगितला. शेवटच्या प्रश्नावर जास्त थांबा. नायकाचा रंग सांगितलेला नसतो आणि राक्षसाचा हमखास सांगितलेला असतो, हा नमुना वीसपैकी बाराला जरी सापडला तरी मुलं का फिरकत नाहीत याचं उत्तर हाती येतं.

नवं घेताना मुखपृष्ठावर विसंबू नका. उर्सुला ले ग्विन यांच्या १९६८ च्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’चा नायक तांबूस तपकिरी वर्णाचा आहे, तरी २००४ च्या दूरचित्रवाणी रूपांतरात तो गोरा केला आणि लेखिकेनं त्यावर जाहीर नाराजी लिहिली. उलट प्रकारही होतो, चित्रात सगळ्या रंगांची मुलं आणि आत बोलणारा एकच. म्हणून आतली पानं उघडाच.

पोडावरच्या मुलांसाठी विकत घेण्याआधी एक काम करा. शंभर पानी वही आणि रंगपेट्या पोडावर न्या, आज्यांकडून गोष्टी कोलामीत ऐका, मुलांकडून चित्रं काढून घ्या, आणि शिवलेली वही क्रमांक टाकून कपाटात लावा. ती वही घरी नेण्यासाठी मुलं येतील, आणि आली की शेजारची पुस्तकंही हाताला लागतील.

प्रश्न : सालेकसा तालुक्यातले आम्ही. कचारगडची गुहा आणि गोंडांचे आद्य धर्मगुरू पारी कुपार लिंगो घेऊन सुपरहिरो कॉमिक काढावं का?

उत्तर : लिंगोला सुपरहिरो करू नका. कचारगडला माघ पौर्णिमेला राज्याराज्यांतून लोक येतात ते दर्शनाला येतात, ती चालू श्रद्धा आहे. गुहेत कोंडलेल्या मुलांची सुटका ही त्यांच्या धर्माची कथा, तिला मुखवटा आणि केप चढवणं अनेकांना लागेल. पेनाला, म्हणजे गोंडी देवाला, भूत किंवा राक्षस म्हणून रंगवणं तर साफ चूक.

घ्यायचं ते जगाचे नियम घ्या. कुळाचं राखायचं झाड किंवा प्राणी असतं, त्याला मारायचं नाही. आता विचार करा, तुमच्या नायिकेची शक्ती त्या प्राण्याकडून आली आहे आणि तोच प्राणी शत्रूच्या बाजूनं चालून आला. तिला हात उचलता येत नाही. एवढ्या एका नियमातून चाळीस पानांचा पेच निघतो आणि कोणाचा देव चित्रात ओढावा लागत नाही.

‘ब्लॅक पँथर’मधला आफ्रिकी देश काल्पनिक आहे, पण तिथली माणसं दक्षिण आफ्रिकेतली खरी झोसा भाषा बोलतात. वेशभूषाही खऱ्या जमातींच्या कापडांवरून, दागिन्यांवरून केली आणि त्यासाठी रूथ कार्टर यांना ऑस्कर मिळालं. तसंच तुम्ही करा : देश नवा, भाषा गोंडी, आणि ती तपासणारा माणूस गोंडी बोलणारा. परधानांकडून, म्हणजे गोंडांच्या कथागायकांकडून, बाना या तंतुवाद्यावर गायलेली कथा घेतली तर गाणाऱ्याचं नाव पहिल्या पानावर छापा आणि विक्रीतला वाटा आधी लिहून ठरवा. पेनठाण्याचं (देवस्थानाचं) चित्र काढण्यापूर्वी भुमकाला, तिथल्या पुजाऱ्याला, विचारा. तो नाही म्हणाला तर तिथे झाडी काढा.

प्रश्न : मी पुलगावची, मल्लखांब खेळते. सिनेमात नायिकेच्या उड्या खरंच बाया मारतात का? मला ते काम जमेल का?

उत्तर : कित्येक वर्षं पुरुषाला विग घालून उड्या मारायला लावत, आणि काळ्या नटाच्या जागी गोऱ्याला रंग फासून. तरी ‘शोले’त (१९७५) हेमा मालिनींच्या जागी टांग्यावर रेश्मा पठाण होत्या, म्हणजे काम बायांना जमतं हे केव्हाच ठरलंय. मल्लखांबाची पकड आणि हवेतलं भान तुमच्याकडे आहे. पडणं वेगळं शिकावं लागेल, आणि ते प्रशिक्षकाच्या हाताखाली, मॅटवरच. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तुम्हाला जवळ आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला जाऊन देशी खेळ दाखवून आलेली ही संस्था, तिथे विचारा.

गावच्या नाटकात किंवा शॉर्टफिल्ममध्ये काम करताना एका गोष्टीवर अडून बसा. नायकाच्या जॅकेटखाली कोपर, गुडघा, नितंब यांवरचे पॅड लपतात. नायिकेला बिनबाह्यांचा, अंगाला चिकटलेला पोशाख देतात आणि उडी तीच, म्हणून मार तिलाच जास्त बसतो. लांब बाह्यांचा सैल कुडता आणि सलवार मागा, बाह्यांत आणि गुडघ्याशी दोन इंच जास्तीचं कापड ठेवायला सांगा. माप देतानाच पॅड अंगावर चढवून बसा, उठा, कोलांटी मारून पाहा. शूटिंगच्या सकाळी शिवण उसवून फार तर अर्धा इंच मिळतो, आणि तेवढ्यात गुडघ्याचा पॅड बसत नाही.